एक तास माझा, १६७ तास तुमचे

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात इकडेतिकडे गेलेला भाग गाळून, थोडं नीटनेटकं करून इथे देत आहे.)



फराळाचा वास हॉलभर पसरलेला असताना, आणि तुमच्या नि चकलीच्या मध्ये फक्त माझं भाषण उरलेलं असताना इथे उभं राहणं हे तसं धाडसाचंच काम आहे. तेव्हा फार पाल्हाळ लावत नाही.

कार्यकारिणीने मला विषय सुचवला होता, 'आयटी क्षेत्राचं भवितव्य'. मी म्हटलं, या हॉलमधली निम्मी मंडळी आयटीतली आहेत, ती सोमवार ते शुक्रवार याच काळजीत असतात. त्यांना सणाच्या दिवशी तरी सुट्टी द्या! शिवाय माझं स्वतःचंच भवितव्य मला ठाऊक नाही, तर अख्ख्या क्षेत्राचं कुठून सांगू? म्हणून मी विषय बदलून घेतला.

मी कॉम्प्युटर इंजिनियर आणि पोटासाठी आयटी कन्सल्टंट. कन्सल्टंट म्हणजे नक्की काय करतो हे माझ्या आईला मी दहा वर्षांत समजावू शकलेलो नाही, तेव्हा ते राहू द्या. पण शनिवार-रविवारी मी मास्तर असतो, आणि हे मात्र आईला लगेच कळतं. शनिवारी इथल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो आणि रविवारी आपल्या मुलांना मराठी. दोन्हीकडे पगार शून्य. आणि या मास्तरकीचा खरा हंगाम म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे तीन महिने. आयर्लंडमधला शरद ऋतू. आज त्या हंगामाबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही मागणार आहे. ते आधी सांगितलं तर तुम्ही आत्ताच फराळाकडे जाल, म्हणून शेवटी!

आता पहिली गंमत अशी, की या देशात शरद ऋतू नेमका कधी असतो यावरच एकमत नाही. हवामान खातं म्हणतं सप्टेंबर ते नोव्हेंबर. पण आयरिश भाषेतली महिन्यांची नावं वेगळंच सांगतात. आयरिशमध्ये शरद ऋतूला आणि सुगीला एकच शब्द आहे, 'फोवर'. सप्टेंबरच्या नावाचा अर्थ 'सुगीचा मध्य', ऑक्टोबरच्या नावाचा अर्थ 'सुगीचा शेवट', आणि नोव्हेंबर म्हणजे 'साविन'. म्हणजे जुन्या हिशेबाने ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेर शरद, आणि १ नोव्हेंबरला हिवाळा सुरू. आपल्याकडे कसं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑक्टोबर असतो आणि आजी म्हणते, 'आश्विन लागला बरं का'. तसंच हे. एकाच घरात दोन कालगणना सुखाने नांदतात.

शिकवणाऱ्या माणसाचं वर्ष मात्र ऑगस्टच्या शेवटीच सुरू होतं. शाळा उघडतात, दुकानांत दप्तरं आणि वह्या येतात. इथे वहीला 'कॉपी' म्हणतात हे नव्या मराठी आईबाबांना कोणीतरी आधीच सांगायला हवं. 'उद्या चार कॉप्या घेऊन या' असा शाळेचा निरोप आला की आपल्याकडचा माणूस दचकतोच! मग फीनिक्स पार्कमधली झाडं पिवळी पडायला लागतात. ७०७ हेक्टरांचं हे पार्क, शहराच्या अगदी कुशीत. ऑक्टोबरमध्ये तिथल्या हरणांच्या माजाचा काळ असतो, नर एकमेकांना शिंगं भिडवतात, आणि त्यांचं ते घोगरं ओरडणं सकाळच्या धुक्यात लांबवर ऐकू येतं. चेस्टनटच्या झाडाखाली तुकतुकीत तपकिरी फळं पडतात, त्यांना पोरं 'काँकर' म्हणतात. त्याला भोक पाडून दोरीत ओवायचं आणि दुसऱ्याच्या काँकरवर आपटून तो फोडायचा. आपल्या गोट्या-भोवऱ्यांच्याच घराण्यातला खेळ. शनिवारी माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशात सप्टेंबरअखेर दोन-चार काँकर असतातच.

आणि मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडतो. पहाटे २ वाजता घड्याळ १ तास मागे. डब्लिन साधारण ५३ अंश उत्तरेला आणि पुणे साडेअठरा अंशांवर, त्यामुळे हा फरक काय असतो ते आपल्याला इथे येऊनच कळतं. शनिवारी सहाच्या सुमाराला मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या सुमारालाच मावळतो, आणि डिसेंबरात तर चार वाजून गेले की दिवे लावायचे. भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेपाचचं होतं. दर वर्षी आईला हे नव्याने सांगावं लागतं. एकदा म्हटलं, 'अगं, सरकारने घड्याळ मागे केलंय.' ती म्हणाली, 'सरकारला दुसरी कामं नाहीत का?' असो.

आता माझा शनिवार. 'कोडरडोजो' हे नाव तुमच्यापैकी ज्यांची मुलं जातात त्यांना माहीत असेल. ही चळवळ याच देशातली, कॉर्कमधली. २०११ साली जेम्स व्हेल्टन नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने आणि बिल लिआओ या उद्योजकाने मिळून ती सुरू केली आणि ती जगभर पसरली. ७ ते १७ वर्षांच्या मुलांना फुकट प्रोग्रॅमिंग शिकवायचं, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. 'डोजो' हा जपानी शब्द. कराटे, ज्युडो शिकतात ती जागा. म्हणजे आपल्या भाषेत तालीम! कोल्हापूरकरांना जास्त सांगायला नको.

या तालमीत वस्ताद म्हणून शिरण्याआधी 'गार्डा व्हेटिंग' करावं लागतं. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. पण त्या फॉर्मवर जन्मापासून आजवर राहिलेले सगळे पत्ते लिहायचे असतात. माझे वडील वीज मंडळात, दर तीन वर्षांनी बदली. जळगाव, परळी, सोलापूर, कराड... एक पत्ता तर 'वीज मंडळ वसाहत, पाण्याच्या टाकीसमोर' एवढाच होता. तो तसाच लिहिला. आयर्लंडच्या पोलिसांनी ती पाण्याची टाकी शोधली की नाही देव जाणे, पण मंजुरी आली!

डोजोत नियम म्हणाल तर मुख्य एकच, 'अबव्ह ऑल, बी कूल'. कोणाला हसायचं नाही, दादागिरी करायची नाही, येतंय ते दुसऱ्याला सांगायचं. तिथे मला कोणी सर म्हणत नाही. आठ वर्षांचं पोर माझं नाव घेऊन, त्यातले दोन स्वर आयरिश करून हाक मारतं. पहिल्या महिन्यात जरा टोचलं. आपण 'सर आत येऊ का' म्हणत वाढलेली माणसं! पण मग लक्षात आलं, की ज्या माणसाला नावाने हाक मारता येते त्याला 'तुझं चुकतंय' हेही सांगता येतं. आणि ही पोरं सांगतात.

तिथली दुसरी पद्धत मला फार आवडली. 'आधी तिघांना विचार, मग मला.' अडलं की लगेच मास्तरांकडे धावायचं नाही. शेजाऱ्याला विचारायचं, समोरच्याला विचारायचं, शोधून बघायचं, आणि तरीही सुटलं नाही तर मास्तर. यात मास्तरांचे कष्ट वाचतात हा भाग आहेच, पण मुलांना एक गोष्ट आपोआप कळते, की ज्ञान एकट्या मास्तरच्या खिशात नसतं. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे मी ती रविवारी वापरणार आहे.

ऑक्टोबर लागला की डोजोतल्या प्रत्येक गेममध्ये भोपळा, वटवाघूळ आणि भुतं यायला लागतात. हॅलोविन हा सण अमेरिकेचा असं मी इथे येईपर्यंत समजत होतो. तो मुळात इथला. त्याचं मूळ 'साविन'मध्ये आहे. सुगी संपली, गुरं डोंगरावरून खाली आणली, हिवाळ्याच्या तोंडावरची ती रात्र. त्या रात्री या जगातला आणि त्या जगातला पडदा पातळ होतो, गेलेली माणसं घरी येऊन जातात असा समज. आणि कंदील भोपळ्याचा नव्हे, सलगमचा असायचा! मेयो परगण्यात कासलबारजवळ राष्ट्रीय संग्रहालयाची लोकजीवन शाखा आहे, तिथे डोनेगलमधल्या अशा एका जुन्या सलगम-कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आहे. एकदा बघून या. त्या चेहऱ्यापुढे अमेरिकन भोपळा म्हणजे अगदीच गरीब गाय वाटतो.

या दिवसांत 'बार्मब्रॅक' नावाचा मनुकांचा गोड पाव मिळतो, त्यात अंगठी दडवलेली असते. जिच्या तुकड्यात अंगठी येईल तिचं वर्षाच्या आत लग्न! आणि हॅलोविननंतर रानातली ब्लॅकबेरी तोडून खायची नाही, कारण 'पूका' नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या नियमांशी किती जुळतं बघा. पितृपक्षात आपण कावळ्याची वाट बघतो. इथे कावळे उदंड, वाट बघावीच लागत नाही, उलट हातातलं सँडविच सांभाळावं लागतं.

२०२४ साली तर कमालच झाली. ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी. पहाटे अंधारात उटणं लावून अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी अंधारातच भुताचा झगा घालून शेजाऱ्यांच्या दारोदार. पायाच्या अंगठ्याने फोडायला कारीट इथे मिळत नाही, आम्ही चेरी टोमॅटोवर भागवतो. नरकासुराची तक्रार अजून आलेली नाही!

तर हा झाला शनिवार. आता रविवार.

रविवारी सकाळी अकरा ते बारा आपला मराठी वर्ग. इथे मी 'काका'. पाच ते बारा वर्षांची मुलं, बालभारतीची पुस्तकं, एक फळा, आणि हीटर चालू व्हायला लागणारी वीस मिनिटं. मुलं गोड आहेत. 'ळ' येत नाही म्हणून बाळाचं 'बाल' होतं आणि फळाचं 'फल', ते येईल हळूहळू. 'टेबल ते, मग खुर्ची ती का?' असं विचारतात. मी म्हणतो, आयरिशमध्ये दोन लिंगं शिकता ना शाळेत? आपल्याकडे तीन, एक फुकट! मुलांना हे पटतं. मोठ्यांना पटणार नाही.

पण मंडळी, आकडे सांगतो, कारण इंजिनियर आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सतरा मुलं होती. गणपती नुकतेच झालेले असतात किंवा व्हायचे असतात, उत्साह असतो. मिड-टर्मच्या सुट्टीनंतर, घड्याळ मागे गेल्यावर अकरा. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सात. पाऊस असतो, अंधार असतो, फुटबॉलची मॅच असते, कोणाचा वाढदिवस असतो. सगळी कारणं खरी आहेत. मी कोणालाच दोष देत नाही. पण दर वर्षी झाडांची पानं आणि वर्गातली मुलं एकाच वेगाने गळतात.

आता ही मुलं वर्गात आली काय आणि नाही आली काय, काय बिघडतं? हा प्रश्न मला एका बाबांनी सरळ विचारला होता. इंग्रजी येतं, शाळेत आयरिश आहे, पुढे फ्रेंच नाहीतर जर्मन घेतील. मराठी कशाला? माझ्याकडे तेव्हा भाषणबाजीचं उत्तर होतं, संस्कृती वगैरे. खरं उत्तर मला दुसरीकडे मिळालं.

आमच्या वर्गातला एक नऊ वर्षांचा मुलगा. त्याची आजी सांगलीहून उन्हाळ्यात इथे आली होती. एका रविवारी त्याला सोडायला आली ती वर्गातच मागे बसून राहिली. वर्ग संपल्यावर मला म्हणाली, 'सर, तुम्ही छान शिकवता हो.' मग थोडं थांबली. म्हणाली, 'आमचा नातू फार गुणी आहे. फोनवर रोज बोलतो. मी विचारते जेवलास का, तो म्हणतो हो. मी विचारते काय जेवलास, म्हणतो पास्ता. शाळा कशी चाललीय, गुड. मग मी म्हणते, बरं बाळा, आईला दे. माझ्याशी अगदी चांगला वागतो, पण पाहुण्याशी वागावं ना, तसा.'

मंडळी, 'पाहुण्याशी वागावं तसा' हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं. जवळपास आठ हजार किलोमीटर ओलांडून आलेली आजी, सख्खा नातू, दोघांच्या मनात माया काठोकाठ, आणि दोघांमध्ये मिळून शब्द पन्नास. मराठी कशाला, याचं माझं उत्तर तेव्हापासून हेच आहे.

या बाबतीत आपण राहतो तो देश आपल्याला फार काही शिकवू शकतो, कारण या देशाने आपली भाषा हातातून निसटताना पाहिली आहे. १८३१ साली इथे राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, शिक्षण इंग्रजीत. 'बाता स्कोर' नावाची काठी असायची. मुलाच्या गळ्यात अडकवायची, ते आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून शिक्षा. हे वाचल्यावर आपल्याला ब्रिटिशांचा राग येतो. पण यातली बोचरी गोष्ट पुढे आहे. या कामात कित्येक आईबापांचीही साथ होती. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. पोराला उद्या अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात पोट भरायचंय, त्याला इंग्रजी आलं पाहिजे, ही त्या आईबापांची काळजी. ती खोटी नव्हती. आपल्यातल्या एखाद्या आईला क्रेशमध्ये सांगतात, घरी इंग्रजी बोला म्हणजे मूल लवकर रुळेल, आणि ती ते ऐकते, तेव्हा तिची काळजीही खोटी नसते. प्रेमापोटीच भाषा सुटते, हे लक्षात घ्या. द्वेषापोटी सुटली असती तर आपण भांडलो तरी असतो.

पुढे स्वातंत्र्य मिळालं. आयरिशला सगळं मिळालं. १९३७ च्या राज्यघटनेत पहिल्या राजभाषेचा मान. २००७ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये जागा. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर वरची ओळ. शाळेत बहुतेकांना तेरा-चौदा वर्षं सक्तीने शिक्षण. आणि फळ काय? २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या देशात १८ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी लिहिलं की आम्हाला आयरिश बोलता येतं. आणि शाळेबाहेर रोज बोलणारे किती? सुमारे ७२ हजार.

तुमच्या ऑफिसातल्या कोणत्याही आयरिश माणसाला विचारा, शाळेतलं आयरिश काय आठवतं? दहातले नऊ जण हसून एकच वाक्य म्हणतील, 'अन विल क्यॅड अगम डुल गो डी अन लेहरस?' म्हणजे, 'मी संडासला जाऊ का?' चौदा वर्षांच्या शिक्षणाचं शिल्लक उरलेलं भांडवल! यात त्या शिक्षकांचा दोष नाही. वर्गात शिकलेली भाषा वर्गापुरतीच राहिली, एवढंच. वर्गात जे लागतं ते वाक्य टिकलं. प्रेमाचं, भांडणाचं, खोड्यांचं, 'भाजीत मीठ कमी आहे'चं आयरिश बहुतेक घरांतून आधीच गेलं होतं, ते शाळेला परत आणता आलं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर पेढ्यांची चित्रं फिरली. मलाही आनंद झाला. पण राज्यघटनेतला मान जिथे पुरला नाही, तिथे नुसता दर्जा पुरेल का? या देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि त्या आडनावातून ते गाव डब्लिनच्या संसदेपर्यंत पोचलं. अभिमान वाटतोच. पण आडनावाचं सोपं असतं मंडळी, ते पासपोर्टवर आपोआप पुढे जातं. भाषेचं तसं नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने, तोंडाने, द्यावी लागते.

आता एवढं निराश करून सोडणार नाही, दिवाळी आहे! उपायही मला याच देशात सापडला, आणि तोही शरद ऋतूतलाच.

इथे जुन्या काळी गोष्टी सांगण्याचा हंगाम ठरलेला होता. सुगी संपली की सुरू, आणि मार्च उजाडला की बंद. लांब रात्री, चुलीत पीटचा विस्तव, आणि गोष्टी सांगणारा म्हातारा. हा ठेवा म्हाताऱ्यांबरोबरच जाणार हे ओळखून १९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोककथा आयोगाने एक अफाट काम केलं. देशातल्या सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांमधल्या सुमारे ५० हजार मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. भुतं, विहिरी, औषधं, हवामानाचे ठोकताळे, खेळ, पक्वान्नं, जे सांगतील ते. आठवड्याच्या निबंधाऐवजी हे काम. लाखो पानं जमली. आज ती डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत, आणि 'दूखस' या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या गोल गोल अक्षरांत एका देशाची आजी जपून ठेवली आहे!

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात शनिवारचा नियम आला. आधी तिघांना विचार, मग मला. गेल्या वर्षी घड्याळ मागे गेल्यावर उरलेल्या अकरा मुलांना मी पुस्तक बंद करायला लावलं आणि एकेक कोरी वही दिली. मराठीत सांगायचं तर एकेक 'कॉपी'! नाव दिलं 'आजीची वही'. दर आठवड्याला एक प्रश्न. आजी, आजोबा, मावशी, आत्या, काका, भारतातल्या कोणालाही फोन करून विचारायचं आणि लिहून आणायचं. अक्षर कसंही चालेल, मधे इंग्रजी शब्द आला तरी चालेल. 'तुमच्या लहानपणी किल्ल्यावर काय पेरायचे?' 'घरात वीज कधी आली?' 'तुम्हाला शाळेत मार कशासाठी बसला?' हा शेवटचा प्रश्न सगळ्यात लोकप्रिय ठरला. आजोबांच्या आजवर लपलेल्या भानगडी बाहेर आल्या!

वह्या बघण्यासारख्या आहेत. एका मुलीने लिहिलं, 'आजीने किल्लावर अलीव पेरले. ते उगवते. ते जंगल.' तीन चुका आहेत, आणि किल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. माझ्यातल्या मास्तराने लाल पेन खिशातच ठेवलं.

आणि तो सांगलीच्या आजीचा नातू. प्रश्न होता, 'शेतातलं काम कसं करायचे?' त्याची आई मला म्हणाली, त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. आजीने तिच्या माहेरच्या गावातली 'इर्जिक' सांगितली. एखाद्याचं नांगरट-पेरणीचं काम अडलं की गावातले लोक आपापले बैल-औतं घेऊन त्याच्या शेतात यायचे, दिवसभर राबायचे, पैसा घ्यायचा नाही, संध्याकाळी त्याच्याकडे सगळ्यांना जेवण. नातवाला काही हे पटेना. 'पैसे नाही? मग का जायचे?' आजी समजावतेय, तो पुन्हा विचारतोय, आजी हसतेय. जेवलास का, हो, गुड, आईला दे, याच्या पलीकडे ती दोघं पहिल्यांदाच गेली होती.

रविवारी तो वर्गात आला तो वही नाचवतच. 'काका, इर्जिक म्हणजे मेहल! आम्हाला शाळेत आहे!' मला क्षणभर कळलंच नाही. मग उलगडलं. 'मेहल' हा आयरिश शब्द. सुगीच्या दिवसांत शेजारीपाजारी मिळून एकमेकांच्या शेतात बिनपैशाचं काम करायचे, त्याला म्हणतात मेहल. म्हणजे तंतोतंत इर्जिक! ह्या पोराने सांगलीकडचा एक शब्द आणि आयर्लंडचा एक शब्द एकमेकांशेजारी ठेवले, आणि मधे इंग्रजीची गरजच लागली नाही. मंडळी, खरं सांगतो, आमच्यातल्या किती जणांना इर्जिक माहीत होतं? मला पुस्तकात वाचलेलं पुसट आठवत होतं. त्या दिवशी मास्तर तो होता.

आणि हो, आकडा राहिला. वह्या सुरू केल्यावर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी वर्गात बारा मुलं होती. सातच्या खाली गेलेली संख्या पावसात, अंधारात वर आली, असं आपल्या वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. सातच्या खाली नाही, सातपर्यंत. हिशेब चोख हवा!

आता माझं मागणं. आठवड्याचे तास १६८. त्यातला १ तास मुलं माझ्याकडे असतात. उरलेले १६७ तुमच्याकडे. त्यात झोप आहे, शाळा आहे, ऑफिस आहे, मान्य. मी सगळे मागत नाही. तीनच गोष्टी मागतो.

एक, दिवसातलं एक जेवण मराठीत. त्या अर्ध्या तासात जे काही बोलायचं ते मराठीत, भांडण झालं तर तेही मराठीत. भांडणात भाषा फार चांगली मुरते. दुसरी, आठवड्यातला एक फोन मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. शेजारी उभं राहून भाषांतर करू नका. दोघांना अडखळू द्या, अडखळतच रस्ता सापडतो. आणि भारतातल्या आजी-आजोबांनाही सांगा, नातवंडांशी मोडकं इंग्रजी बोलायची धडपड करू नका, तुमचं घसघशीत मराठी हीच तुमच्याकडची इस्टेट आहे. तिसरी, नोव्हेंबरात मुलांना वर्गाला आणा. सप्टेंबरात कोणीही आणतं!

आणि ज्यांना मुलं नाहीत किंवा ज्यांची मोठी झाली, त्यांच्याकडे मागतो इर्जिक. एकट्याच्या औताने हे शेत नांगरून होणार नाही. महिन्यातला एक रविवार द्या. शिकवायलाच हवं असं नाही. मुलांजवळ बसा, तुमच्या गावाची एक गोष्ट सांगा, त्यांना लिहू द्या. फक्त गार्डा व्हेटिंगचा फॉर्म आधी भरावा लागेल, तेव्हा जन्मापासूनचे सगळे पत्ते आजच आठवायला लागा.

नवा प्रश्न ठरलाय, 'तुमच्या लहानपणी दिवाळीत काय नव्हतं?' येत्या रविवारी अकरा वाजता. वह्या मी आणतो, चहा मंडळाचा, बिस्किटं ज्याची त्याने आणायची. हीटर चालू व्हायला वीस मिनिटं लागतात, तेव्हा स्वेटर घालून या.

चला, चकल्या गार होतायत.